उद्योगाचा धुरीण कसा घडतो?

‘धुरीण’ हा शब्द मराठीत आता सभासंमेलनांपुरता उरला आहे. व्यासपीठावरील मान्यवरांना धुरीण म्हणावयाचे आणि त्यांच्या गळ्यात हार घालावयाचा, एवढाच त्याचा उपयोग. परंतु मूळ संस्कृतात ‘धुर्’ म्हणजे जू, आणि धुरीण म्हणजे जो ते जू मानेवर घेऊन ओझे ओढतो तो बैल. पुढारीपणासाठी आपल्या पूर्वजांनी हा शब्द निवडला तेव्हा त्यांच्या नजरेसमोर सिंहासन नव्हते, नांगर होता. उद्योगधंद्यातील नेतृत्वाविषयी आज पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. विद्यापीठांतून त्याचे वर्ग चालतात आणि मोठमोठ्या कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांना त्याचे धडे देतात. अशा वेळी ज्या माणसाने शब्दशः नांगरापासून आपल्या उद्योगाचा आरंभ केला, त्याच्या आयुष्याकडे वळून पाहणे उपयोगाचे ठरेल. तो माणूस म्हणजे लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर. बेळगावकरांना हे नाव परके नाही. त्या शहरातील एका रस्त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर ह्या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही ह्याच गावचे. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमले नाही. त्यांना दोनच गोष्टींचा नाद होता, चित्रे काढण्याचा आणि यंत्रे खोलून पाहण्याचा. थोरले बंधू रामूअण्णा ह्यांनी पैशाची जबाबदारी घेतली आणि १८८५ च्या सुमारास लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांत एक निराळेच संकट उभे राहिले. त्यांना काही रंगांतील भेद नीट ओळखू येत नाही असे आढळून आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर ह्याहून कठोर आघात कोणता? दुसरा एखादा दैवाला बोल लावीत घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडला, पण रेषा सोडली नाही. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये सहायक शिक्षक झाले.

ह्या नोकरीतील त्यांची खरी कमाई पगाराची नव्हती. संस्थेतील यंत्रशाळा त्यांना खुली होती. शिकविण्याचे काम संपले की ते तेथे जाऊन यंत्रांची रचना अभ्यासीत. यंत्रविद्येची पदवी त्यांच्यापाशी कधीच नव्हती. जे ज्ञान मिळविले ते हाताने आणि डोळ्याने. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. परक्या राज्यातील ही नित्याचीच गोष्ट. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि १८९७ साली ते बेळगावला परतले. स्वाभिमानाने नोकरी सोडणारे अनेक असतात. परंतु सोडल्यानंतर काय करावयाचे ह्याची तयारी आधीपासून असलेले थोडे. लक्ष्मणरावांची ती तयारी होती. बेळगावात रामूअण्णांच्या साहाय्याने सायकलींचे एक लहानसे दुकान त्यांनी पूर्वीच सुरू केले होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. रामूअण्णा त्या विकीत, आणि विकत घेणाऱ्याला त्यावर बसावयासही शिकवीत. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला जन्म १८८८ साली ह्या दुकानापासून मानतो.

ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या दुकानात पुढील सर्व इतिहासाचे बीज आहे. नवी वस्तू विकावयाची असेल तर ती वापरावयाला शिकविण्याचे कामही विकणाऱ्यानेच केले पाहिजे, हा धडा भावांना तेथे मिळाला. सायकलवर बसता येत नाही म्हणून कोणी सायकल घेत नसेल, तर त्यात गिऱ्हाइकाचा दोष नाही. तो दोष दूर करणे हे दुकानदाराचे काम आहे.

लौकरच ह्या धड्याची मोठी कसोटी लागली. दुरुस्तीच्या कामातून बेळगावात एक छोटा कारखाना उभा राहिला. तेथे प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि नंतर, १९०३ च्या सुमारास, लोखंडी नांगर. दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा ह्या तणांनी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हैराण झालेला. त्यांची मुळे खोल जातात. लाकडी नांगर जमीन उकरतो, पण पलटीत नाही, म्हणून तण पुन्हा उगवते. लोखंडी नांगर माती खालून वर उलथून टाकतो आणि तणांची मुळे उन्हात उघडी पाडतो. त्याचा फायदा स्पष्ट होता. परंतु तो स्पष्ट होता कारखानदाराला. शेतकऱ्याची समजूत अशी की, लोखंडाने जमिनीला विष चढते. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली.

दोन वर्षे माल पडून राहणे म्हणजे काय, हे ज्याने व्यापार केला आहे त्यालाच कळेल. पदरी भांडवल बेताचे, कारागिरांचे पगार चालू, आणि रोज सकाळी कारखान्यात शिरताना त्याच न विकलेल्या नांगरांचे दर्शन. अशा प्रसंगी कारखानदारापुढे दोन वाटा असतात. पहिली म्हणजे शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होणे. ही वाट सोपी आहे, आणि आपल्याकडील अनेक नव्या धंद्यांची थडगी ह्याच वाटेवर आहेत. दुसरी वाट म्हणजे आपल्या मालाकडे शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहणे. लक्ष्मणरावांनी ही दुसरी वाट धरली. शेतकऱ्याचा विश्वास युक्तिवादाने बसत नाही, शेजारच्या रानातील पिकाने बसतो. आणि एकदा नांगर घेतला की त्याचा झिजलेला भाग बदलून मिळण्याची सोय जवळपास हवी. विलायती नांगर मोडला तर त्याचा सुटा भाग समुद्रापलीकडून यावयाचा. बेळगावात घडविलेला नांगर मोडला तर त्याला बेळगावातच औषध होते. देशी कारखान्याची खरी शक्ती स्वदेशीच्या भावनेइतकीच ह्या साध्या सोयीत होती.

धंदा कुठे मूळ धरू लागला तोच दुसरा घाला पडला. शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी असल्याने ती सोडून जाण्याचा हुकूम बेळगावच्या नगरपालिकेकडून आला. यंत्रे होती, माणसे होती, पण पायाखालची जमीन नाहीशी झाली. ह्या सुमारास लक्ष्मणराव औंध संस्थानात यमाई देवीच्या देवळातील सभामंडपाच्या कामात गुंतलेले होते. औंधच्या गादीवर १९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले होते. ते स्वतः चित्रकार आणि उद्यमशीलतेचे चाहते. लक्ष्मणरावांची अडचण त्यांच्या कानी गेली, आणि आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडावी असे त्यांनी सांगितले. दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्जही त्यांनी दिले.

लक्ष्मणरावांनी निवडलेली जागा पाहून कोणीही मान हलविली असती. कुंडल रोड स्टेशनाजवळचा तो बत्तीस एकरांचा माळ निवडुंगाने भरलेला आणि सापांनी वसलेला होता. मात्र ह्या निवडीमागे विचार होता. पुणे-मिरज लोहमार्ग जवळून जात होता, आणि कच्चे लोखंड आणावयाचे व जड नांगर दूरवर पाठवावयाचे तर रेल्वे हेच त्या उद्योगाचे पाय. सुपीक जमीन शेतकऱ्याला हवी, कारखान्याला नव्हे. १९१० साली पंचवीसएक कामगार आपल्या बायकामुलांसह ह्या माळावर उतरले आणि किर्लोस्करवाडीचा जन्म झाला.

ह्या घटनेचा विचार थोडे थांबून केला पाहिजे. पंचवीस कुटुंबांनी बेळगावसारखे शहर सोडले, ते कशाच्या भरवशावर? वाडीला घरे नव्हती, शाळा नव्हती, दुकान नव्हते. पगार वाढणार होता असेही नाही. पुढारीपणाचे माप सामान्यतः यशाच्या काळात घेतले जाते. माणूस मोठा झाला म्हणजे त्याच्यामागे येणाऱ्यांना तोटा नसतो. खरे माप ओसाड माळावर घ्यावे. जागा गेलेली, कर्ज काढलेले आणि भविष्य अंधुक असताना जे लोक बिऱ्हाड पाठीवर टाकून येतात, त्यांनी मालकाला काही वर्षे जवळून पारखलेले असते. ती पारख एका भाषणाने किंवा एका हुकुमाने होत नाही.

वाडीत माणसांची जी निवड झाली ती तर ह्या कथेचा गाभाच आहे. नव्या वसतीची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांकडे आली. शंभोराव जांभेकर अडलेल्या कामाला धावून जाणारे. मंगेशराव रेगे हे कारकून, पण हिशेब आणि व्यवस्था दोन्ही तेच पाहू लागले. के. के. कुलकर्णी ह्यांच्याकडे सर्व प्रकारच्या अडचणींचे निवारण. अनंतराव फळणीकर ह्यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिलेले, परंतु यंत्राची नवी रचना सुचण्याची त्यांची बुद्धी विलक्षण होती. ही नावे एकत्र वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ह्यांतील कोणाचीही निवड प्रशस्तिपत्रके पाहून झालेली नव्हती. ज्याला जे जमते ते ओळखावे, ते काम त्याच्यावर सोपवावे आणि सोपविल्यावर त्यात ढवळाढवळ करू नये, हा तेथील रिवाज होता. स्वतः लक्ष्मणरावांना पदवीवाचून यंत्रविद्या साध्य झाली होती आणि बढतीच्या वेळी वर्णावरून डावलले गेल्याचा अनुभवही होता. माणसाची किंमत त्याच्या कागदावरून किंवा जन्मावरून करू नये हे त्यांना कोणत्या ग्रंथाने शिकविले नाही, स्वतःच्या जखमेने शिकविले. अपमानाचा असा उपयोग करणारे थोडे. बहुतेक माणसे वर चढल्यावर तोच अपमान खालच्यांना परत करतात.

ह्या विश्वासाची सर्वांत धाडसी कसोटी रात्रीच्या पहाऱ्याच्या बाबतीत लागली. दरोडेखोरीबद्दल शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी वाडीचे पहारेकरी नेमले. ज्यांना गावात कोणी उभे करीत नसे त्यांच्या स्वाधीन साऱ्या वाडीची रात्र केली. ही माणसे विश्वासू राखणदार ठरली. ह्यात भाबडेपणा होता असे म्हणता येणार नाही. चोरी कशी होते हे ज्याला ठाऊक त्याच्याहून चांगला पहारेकरी कोण? परंतु केवळ हिशेबाने हे धैर्य होत नाही. माणूस एकदा चुकला म्हणजे तो कायमचा बाद झाला असे न मानण्याची वृत्ती त्यासाठी लागते. वाडीत अस्पृश्यतेलाही थारा देऊ नये असा लक्ष्मणरावांचा आग्रह होता. त्या काळच्या खेडेगावात ही गोष्ट किती अवघड होती हे निराळे सांगावयास नको.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. विलायती नांगरांची आयात मंदावली आणि वाडीच्या नांगराला मागणी वाढली. परंतु ज्या युद्धाने गिऱ्हाईक दिले त्याच युद्धाने लोखंड हिरावून नेले. मागणी आहे आणि माल घडविता येत नाही, ही स्थिती दोन वर्षे नांगर न खपण्याइतकीच जीवघेणी. अशा वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावरील जुन्या निकामी तोफा वितळविण्यासाठी दिल्या. ज्या धातूने एकेकाळी वेढे फोडले तो भट्टीत जाऊन शेतकऱ्याचा फाळ झाला. ह्या प्रसंगात काव्य आहे खरे, पण त्यातील व्यवहार अधिक महत्त्वाचा आहे. औंधचे राजे आणि कोल्हापूरचे महाराज ह्या कारखानदाराच्या मदतीला का आले? आपल्या मुलखात उद्योग रुजावा ही त्यांची स्वतःची इच्छा होती, हे एक कारण. औंधकरांच्याच आश्रयाने १९१६ साली ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला, हे त्याचे प्रत्यंतर. दुसरे कारण असे की, लक्ष्मणरावांनी आधीच्या मदतीचे सोने करून दाखविले होते. संकटात हात पुढे येतात ते बहुधा मागील वर्तनाच्या व्याजापोटी येतात.

१९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’चे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. त्याच वर्षी वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे त्याचे संपादक. कारखान्याची बातमी आणि मालाची माहिती देणारे हे पत्र पाहता पाहता मराठी वाचकांचे आवडते मासिक बनले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही त्याची भावंडे निघाली, आणि बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरपर्यंत पसरलेल्या मराठी घरांतून ती वाचली जाऊ लागली. नांगर करणाऱ्या कारखान्याने स्त्रियांसाठी मासिक काढावे ही वरकरणी विसंगत दिसणारी गोष्ट. परंतु सायकलच्या दुकानातील तो जुना धडाच येथे मोठ्या प्रमाणावर गिरविला गेला होता. समाज जुन्यालाच चिकटून राहिला तर नवा नांगरही घेणार नाही आणि नवा विचारही घेणार नाही, ह्याची जाणीव त्यामागे होती.

प्रत्येक कर्त्या पुरुषापुढे अखेरीस एक प्रश्न येऊन उभा राहतो, आणि पुष्कळ कर्ते पुरुष तेथेच नापास होतात. आपल्यामागे काय? लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यंत्रविद्येची पदवी घेऊन १९२६ साली परतले. पदवी नसलेला बाप आणि परदेशी पदवी घेऊन आलेला मुलगा ह्यांच्या संसाराचा शेवट आपल्या नाटककादंबऱ्यांतून नेहमी भांडणात होतो. येथे तसे झाले नाही. नांगर, चरक आणि भुईमूग फोडण्याची यंत्रे ह्यांच्या जोडीला वाडीत १९२६ पासून पाणी उपसण्याचे पंप तयार होऊ लागले. पुढे १९४१ साली हरिहर येथे यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांचा, म्हणजे लेथांचा, कारखाना म्हैसूर किर्लोस्कर ह्या नावाने उभा राहिला. १९४६ साली पुण्याला तेल-इंजिनांचा व बंगळूरला विजेच्या मोटरींचा कारखाना निघाला. नव्या पिढीला नवे कार्यक्षेत्र मिळाले आणि जुन्या पिढीने तिच्या वाटेत उभे राहण्याचा मोह टाळला. ज्या जोमाने धंदा काढला त्याच जोमाने तो हातातून सोडता येणे ही नेतृत्वातील सर्वांत दुर्मिळ कला होय.

ह्या चित्राला दुसरी बाजू नाही असे नव्हे. वाडीचा कारभार कितीही मायेचा असला तरी तो घरातील वडिलांचा कारभार होता. मालकच घर देणारा, मालकच शाळा काढणारा आणि मालकच समाजसुधारणेची दिशा ठरविणारा. असा कारभार वडील चांगले असतील तोवर चांगला चालतो. वडील बदलले की काय होईल ह्याची हमी त्यात नसते. कामगाराचा हक्क मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून असू नये, हा विचार पुढील काळात कायद्याने आणि कामगार संघटनांनी रुजविला, आणि तो योग्यच होता. लक्ष्मणरावांच्या उदाहरणावरून घ्यावयाचा धडा म्हणूनच वाडीची नक्कल करण्याचा नाही. त्यांनी विश्वासाला जे स्थान दिले ते देण्याचा आहे.

आणि विश्वासही दरवेळी फळतोच असे नाही. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात जी जाळपोळ उसळली तिच्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. जेथे निवडुंग काढून घरे बांधली होती तेथे राखेचे ढीग झाले. लक्ष्मणरावांचे वय त्या वेळी अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभराच्या कामावर अशी आग पाहिल्यावर माणसांवरील श्रद्धा जळून गेली असती तर तिला कोणी दोष दिला नसता. परंतु कारखाना पुन्हा उभारण्यात आला. भट्ट्या पुन्हा पेटल्या, आणि त्याच जागेवर आजही पंप तयार होतात. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, भारत सरकारने त्यांचे टपालाचे तिकीट काढले.

आरंभी ‘धुरीण’ शब्दाचा अर्थ सांगितला, त्याकडे शेवटी परत यावयास हरकत नाही. नांगराला जुंपलेला बैल इतरांना हाकीत नाही. तो स्वतः ओढतो, म्हणून जोडीचा बैल ओढतो. लक्ष्मणरावांनी रंगांतील भेद ओळखू न येणाऱ्या डोळ्यांनी माणसांतील गुण ओळखले, दोन वर्षे पडून राहिलेल्या नांगरापासून गिऱ्हाइकाचे मन ओळखावयास शिकले, आणि स्वतःला नाकारली गेलेली संधी इतरांना दिली. उद्योगाचा पुढारी व्हावयाचे ज्यांच्या मनात आहे त्यांनी प्रथम आपल्या हाताखालील माणसांची नावे एका कागदावर लिहावी, आणि प्रत्येकापुढे त्याला उत्तम जमणारी एक गोष्ट लिहावी. कागद कोरा राहिला, तर उणीव त्या माणसांत नसून लिहिणाऱ्याच्या नजरेत आहे, असे समजावयास हरकत नाही.